वीस मिनिटांत जास्तीत जास्त कॅलरी: व्यायाम निवडायचा कसा, करायचा कसा

दिवसाची वीस-पंचवीस मिनिटंच हातात आहेत. त्यात जास्तीत जास्त कॅलरी जाळायच्या, तर व्यायाम कोणता? बहुतेक जण तक्ता उघडतात, सर्वांत वरचा आकडा शोधतात आणि दुसऱ्या दिवशी दोरी घेऊन येतात. तिसऱ्या दिवशी पोटऱ्या इतक्या भरून येतात की जिना उतरताना कठडा धरावा लागतो. मग आठवडाभर सुट्टी.

जळालेल्या कॅलरी तीन आकड्यांच्या गुणाकारातून येतात: मिनिटाला किती जळतात, तो जोर खरोखर किती मिनिटं टिकतो, आणि आठवड्यात असे किती दिवस होतात. तक्ता फक्त पहिला आकडा सांगतो. उरलेले दोन तुमचे गुडघे, तुमचा दम, तुमची इमारत आणि तुमचं घड्याळ ठरवतात. व्यायाम निवडायचा तो या तिन्हींचा गुणाकार पाहून.

आधी आकडेमोड

व्यायामाची तीव्रता मेट या एककात मोजतात. स्वस्थ बसलेलं शरीर जेवढी ऊर्जा वापरतं तो १ मेट, म्हणजे दर किलो वजनामागे ताशी साधारण १ किलोकॅलरी. बोलताना आपण जिला कॅलरी म्हणतो ती ही किलोकॅलरीच, पुढेही तोच अर्थ घ्यावा. मिनिटाला किती जळतात ते काढायचं सूत्र असं: मेट × ३.५ × वजन किलोत ÷ २००.

तोंडी हिशोबासाठी एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे: वजन ५५ किलोच्या आसपास असेल तर मेटचा आकडा हाच मिनिटाच्या कॅलरीचा आकडा. वजन ७० असेल तर त्याच्या सव्वापट, ८५ असेल तर दीडपट. ७० किलोच्या माणसानं २० मिनिटं न थांबता केलं, तर ढोबळ आकडे असे येतात:

- सूर्यनमस्कार, संथ लयीत (३.३ मेट): ८०
- सपाटीवर ताशी ५ किमी चालणं (३.५): ८५
- बॅडमिंटन, मित्रमंडळीत (५.५): १३५
- फ्रीस्टाइल पोहणं, मध्यम गतीनं (५.८): १४०
- ट्रेडमिलवर ताशी ५ किमी, १० टक्के चढावर (७.७): १९०
- सायकल, ताशी २० किमीच्या आसपास (८): १९५
- जोर, बैठका, जागेवर धावणं, कमी विश्रांतीत आणि जोमानं (८): १९५
- ताशी ८ किमी धावणं (८.३): २०५
- झपझप जिना चढणं (८.८): २१५
- ताशी ९.७ किमी धावणं (९.८): २४०
- दोरीउड्या, मिनिटाला १०० ते १२० (११.८): २९०

यातल्या प्रत्येक आकड्यातून २५ वजा करा. तेवढ्या कॅलरी वीस मिनिटं खुर्चीत बसूनही जळल्याच असत्या. म्हणजे चालण्याची खरी कमाई ६० आणि ताशी ८ किमी धावण्याची १८०. यादीत अडीचपट दिसणारा फरक इथे तिप्पट होतो. वेळ कमी असेल तेव्हा तीव्रता का वाढवायची, त्याचं कारण हेच.

आता यादीतल्या फटी पाहा. जिन्याचा आकडा सतत वरच चढणाऱ्याचा आहे, आणि वीस मिनिटं चढत राहावं एवढी उंच इमारत कोणाच्याच वाट्याला येत नाही. मध्ये उतरावं लागतं, आणि उतरताना चढण्याच्या साधारण एक तृतीयांशच खर्च होतो. दोरीचा आकडा अडखळल्याशिवाय वीस मिनिटं मारणाऱ्याचा आहे. नवशिक्याला पहिल्या आठवड्यात सलग चाळीस सेकंद जमले तरी खूप, आणि त्याच्या वीस मिनिटांत प्रत्यक्ष उड्या सात-आठ मिनिटांच्याच भरतात. विश्रांतीचा खर्च धरूनही बेरीज १४०च्या आसपास येते. तेवढ्याच वेळात चढावर चालणारा १९० जाळतो आणि उद्या पुन्हा हजर असतो.

चार मिनिटांचा चमत्कार

ताबाता हे नाव आता कुठल्याही घामाघूम करणाऱ्या व्यायामाला लावतात. मूळ प्रयोग जपानमध्ये इझुमी ताबाता आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली प्रसिद्ध केला. स्थिर सायकलवर २० सेकंद जीव तोडून, १० सेकंद थांबून, असे सात-आठ वेळा. जोर एवढा की शेवटी पाय चालेनासे व्हावेत. सहा आठवड्यांत दम चांगलाच वाढला, हे खरं. पण तो प्रयोग होता दम वाढवण्याचा. कॅलरी किती जळतात हा त्याचा विषयच नव्हता. मिनिटाला १५ कॅलरी धरल्या तरी चार मिनिटांत ६० होतात, म्हणजे एक चपातीसुद्धा भरत नाही. अशा चार-चार मिनिटांच्या चार-पाच फेऱ्या मध्ये विश्रांती घेत केल्या तरच कॅलरीच्या दृष्टीनं अर्थ आहे, आणि तेव्हा त्या मूळच्या तीव्रतेनं होणं शक्यच नाही.

व्यायाम संपल्यावरही चोवीस तास कॅलरी जळत राहतात, हा दावाही असाच ताणलेला. व्यायामानंतर शरीर थोडा जास्त प्राणवायू वापरतं, पण त्यातून मिळणारी भर व्यायामात जळलेल्या कॅलरीच्या साधारण ६ ते १५ टक्के. २०० कॅलरीच्या व्यायामामागे १२ ते ३०. मिळाली तर घ्यावी, हिशोबात धरू नये.

निवडण्याआधी चार गोष्टी तपासा

पहिली, दारातून दारापर्यंतचा वेळ. जिम पंधरा मिनिटांवर असेल, कपडे बदलायला पाच आणि मशीन मोकळं व्हायला पाच लागत असतील, तर जाऊन-येऊन वीस मिनिटांचा व्यायाम एका तासात पडतो. अशा माणसानं आठवड्याचे चार दिवस घरात किंवा जिन्यावर करावेत आणि जिमचा मोठा फेरा रविवारी ठेवावा. घरात चटई पसरायला एक मिनिट लागतं.

दुसरी, सांधे आणि वजन. धावताना प्रत्येक पाऊल टेकतं तेव्हा जमिनीकडून वजनाच्या दोन-अडीचपट बल येतं. बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) ३०च्या वर असेल, गुडघा जुना दुखरा असेल किंवा टाच सकाळी पहिल्या पावलाला ठणकत असेल, तर उड्या आणि धावणं सध्या बाजूला ठेवा. चढावर चालणं, सायकल आणि पोहणं या तिघांत धक्का जवळजवळ नाही.

तिसरी, आजचा दम. सपाटीवर १५ मिनिटं झपझप चाला. गप्पा मारता येतील इतका श्वास शिल्लक असेल तर पुढच्या पायरीवर जायला हरकत नाही. पाच शब्दांत थांबावं लागत असेल, तर पहिले तीन आठवडे हे झपझप चालणंच तुमचा जोरदार व्यायाम आहे. त्यात कमीपणा काही नाही. मेटची यादी सगळ्यांसाठी सारखी असली, तरी हृदयावर येणारा भार प्रत्येकाचा वेगळा असतो.

चौथी, कोणी आधी डॉक्टरांना विचारायलाच हवं. छातीत दुखणं, चालताना छातीवर दाब येणं, चक्कर येऊन पडणं, हृदयविकार, ताब्यात नसलेला रक्तदाब, गरोदरपण, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर जोरदार व्यायामानं साखर एकदम उतरू शकते. गोळीची वेळ, खाणं आणि व्यायाम यांचं गणित डॉक्टरांकडून बसवून घ्या, आणि खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवूनच सुरुवात करा.

जोर किती लावायचा

घड्याळ नसेल तर बोलून पाहा. मध्यम जोरात पूर्ण वाक्य बोलता येतं, गाणं म्हणता येत नाही. जोरदार व्यायामात तीन-चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागतो. एक शब्दही निघत नसेल तर तो वेग मिनिटभरापलीकडे टिकणार नाही.

नाडी मोजत असाल तर कमाल ठोक्यांसाठी २०८ वजा (वयाच्या ०.७ पट) हे सूत्र घ्या. ४० वर्षांच्या माणसाला १८० येतात. जोरदार टप्पे १४४ ते १६२ (८० ते ९० टक्के), मधले सावरण्याचे टप्पे ११० ते १२५. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर चालू असेल तर ठोके मुळातच दबलेले राहतात. मग हे आकडे विसरून बोलण्याचीच कसोटी वापरावी.

मनगटी घड्याळ ठोके बऱ्यापैकी मोजतं, कॅलरी नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठात २०१७ साली अशी सात उपकरणं तपासली, तेव्हा कॅलरीच्या बाबतीत सर्वांत अचूक ठरलेलं उपकरणही सरासरी २७ टक्क्यांनी चुकत होतं आणि सर्वांत वाईट ९३ टक्क्यांनी. घड्याळानं ४०० दाखवल्या म्हणून तेवढ्या खाऊन भरून काढल्या की वजनाचा काटा हलत नाही, याचं नवल वाटायला नको.

चढावर चालणं

कमी वेळ, नाजूक सांधे आणि बेताचा दम, या तिन्हींना सांभाळून घेणारा दुसरा व्यायाम नाही. ताशी ५ किमी सपाटीवर चालताना साधारण ३.५ मेट लागतात. त्याच वेगात चढ ५ टक्के केला की ५.५ आणि १० टक्के केला की ७.७. वेग ५.५ किमी आणि चढ १२ टक्के असेल तर ९.३ मेट, म्हणजे जवळजवळ ताशी ९ किमी धावण्याएवढा खर्च, आणि पाय मात्र चालण्याच्याच हळुवारपणे टेकतात.

ट्रेडमिलवर २५ मिनिटं अशी वाटून घ्या. पहिली ३ मिनिटं सपाट, ताशी ४.५ किमी. पुढची २ मिनिटं ४ टक्के चढ, वेग ५. मग १५ मिनिटं आलटून-पालटून: ३ मिनिटं ८ ते १० टक्के, २ मिनिटं ४ टक्के, वेग ५च. शेवटची ५ मिनिटं चढ उतरवत सपाटीवर. दोन आठवड्यांनी ८चे १० करा, आणखी दोन आठवड्यांनी मधली २ मिनिटं १ मिनिटावर आणा. आधी चढ वाढवायचा, वेग नंतर.

इथे नेहमी होणारी चूक म्हणजे समोरचा दांडा घट्ट धरून मागे रेलणं. शरीर मागे झुकलं की चढ मशीनपुरताच उरतो, वजनाचा भाग हात उचलतात, आणि पडद्यावरचा आकडा मात्र पूर्ण चढाचाच दिसत राहतो. दांडा सोडून चालता येत नसेल तर चढ तुम्हाला जास्त आहे, दोन टक्क्यांनी खाली या. तोल जाईल अशी भीती असेल तर दोन बोटं टेकवा, पकडू नका.

घरगुती स्वस्त ट्रेडमिलला चढाचे बहुतेक वेळा हातानं बदलायचे तीनच खाचे असतात आणि ते चालत्या मशीनवर बदलता येत नाहीत. त्यावर खाच मधल्या जागी ठेवून वेग ४.५ आणि ५.८ असा आलटून-पालटून बदलावा.

मशीनशिवाय करायचं तर टेकडी. पुणेकरांना पर्वतीच्या १०३ पायऱ्या, तळजाई, वेताळ टेकडी आहेतच. इतर गावांतही देवळाची एखादी पायऱ्यांची वाट सापडते. चढताना झपाझप, उतरताना सावकाश, पाऊल आखूड ठेवून. पोटरी आणि टाचेमागची शीर पहिल्या दहा दिवसांत ताणते, म्हणून व्यायामानंतर भिंतीला हात लावून प्रत्येक पोटरी ३० सेकंद दोनदा ताणायची.

जिना

पाच मजली इमारत असेल तर हा सर्वांत स्वस्त सौदा. एक मजला साधारण ३ मीटर, १८ ते २० पायऱ्यांचा. ७० किलोचा माणूस तेवढा वर उचलायला लागणारं निव्वळ काम अर्धी कॅलरी, पण स्नायू जाळलेल्या ऊर्जेचा पाव किंवा त्याहून थोडा कमी भागच कामात उतरवतात, बाकी उष्णता होते. म्हणून मजल्यामागे २ ते अडीच कॅलरी पडतात. पाच मजले म्हणजे १२च्या आसपास.

करायचं असं. आधी ३ मिनिटं तळमजल्यावर चालणं, घोटे फिरवणं, दोन मजले निवांत चढून उतरणं. मग पाच मजले न थांबता, मिनिटाला साधारण ७० पायऱ्यांच्या लयीत. सव्वा मिनिट लागेल. खाली लिफ्टनं या, तीच तुमची एक मिनिटाची विश्रांती. अशा आठ फेऱ्या १८-१९ मिनिटांत होतात आणि विश्रांतीचा खर्च धरून १२५ ते १३० कॅलरी जळतात. यादीतल्या २१५पेक्षा हा आकडा कमी दिसतो, पण तो खरा आहे. पहिल्या आठवड्यात चारच फेऱ्या करा, दर आठवड्याला एक वाढवा.

लिफ्टनं उतरण्यामागे विचार आहे. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराला आवरून धरतो. त्यात कॅलरी थोड्या जातात, पण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीची ठणक याच कामातून येते आणि गुडघ्याच्या वाटीवर दाबही जास्त पडतो. लिफ्ट नसेल तर उतरताना पूर्ण तळवा पायरीवर टेकवा, एक हात कठड्यापाशी ठेवा, आणि फेऱ्या सहावरच थांबवा.

चढताना तळव्याचा निम्म्याहून जास्त भाग पायरीवर हवा. नुसत्या चवड्यांवर चढलं की सगळं काम पोटऱ्यांवर येतं. कंबरेतून थोडं पुढे झुका, पाठ गोल करू नका. एकदम दोन पायऱ्या घेण्याचा मोह पहिले तीन आठवडे टाळा. चपला घालून तर नकोच, आणि पावसाळ्यात ओल्या संगमरवरी किंवा कोटा फरशीच्या पायऱ्यांवर हा व्यायाम बंद ठेवावा. सकाळी जिना पुसायची वेळ कोणती, तेही विचारून घ्या.

खोलीतला फेरा: जोर, बैठका आणि सोबती

सहा फूट बाय चार फूट जागा पुरते. उड्या नाहीत, म्हणून खालच्या मजल्यावरच्यांची तक्रारही नाही. ४० सेकंद काम, २० सेकंद विश्रांती, पाच प्रकार, चार फेऱ्या: एकूण २० मिनिटं. आधी ४ मिनिटं जागेवर चालणं, खांदे फिरवणं आणि दहा निवांत बैठका.

१. बैठका. तालमीत बैठक मारताना टाचा उचलल्या जातात आणि गुडघे बरेच पुढे जातात. सवय झालेल्या पायांना ते झेपतं. नवशिक्यानं टाचा जमिनीला चिकटवून ठेवाव्यात, नितंब मागे नेत मांड्या जमिनीशी समांतर होईपर्यंत बसावं आणि गुडघे पायाच्या बोटांच्या दिशेनंच ठेवावेत. गुडघे आत वळत असतील तर खोली कमी करा. ४० सेकंदांत १८ ते २२.

२. जोर. कंबर वर, मग छाती जमिनीजवळून सरकवत पुढे, हात सरळ करत छाती वर, आणि त्याच वाटेनं मागे. छाती, खांदे, दंड, पाठ, पोट सगळं एकदम कामाला लागतं, म्हणून साध्या पुशअपपेक्षा श्वास लवकर चढतो. न जमणाऱ्यांनी गुडघे टेकवून किंवा भक्कम टेबलाच्या कडेवर हात ठेवून पुशअप घालावेत. कंबर खाली झोळीसारखी लोंबली की तिथेच थांबा, उरलेले आकडे कंबरेच्या दुखण्यात जमा होतात. ८ ते १५ पुरे.

३. जागेवर गुडघे उचलणं. गुडघा कंबरेपर्यंत, हात धावताना हलतात तसे. पाऊल चवड्यावर हलकं टेकायचं. आवाज येत असेल तर जोर पायात जातोय आणि लय सुटतेय.

४. मागे पाऊल टाकून वाकणं. एक पाय मोठ्या पावलानं मागे, मागचा गुडघा जमिनीपासून चार बोटं वर थांबवायचा, पुढच्या टाचेवर जोर देऊन उभं राहायचं. पाऊल पुढे टाकण्यापेक्षा मागे टाकलं तर गुडघ्यावरचा ताण कमी राहतो. आलटून-पालटून १२ ते १६.

५. जोराच्या पवित्र्यात गुडघे आळीपाळीनं छातीकडे ओढणं. हात खांद्यांच्या बरोबर खाली, नितंब टेकडीसारखे वर जाऊ द्यायचे नाहीत. मनगट दुखत असेल तर मुठी टेकवा किंवा हात सोफ्याच्या कडेवर घ्या.

हा क्रम बदलू नका. पाय, हात, पाय, पाय, हात अशी पाळी आहे, त्यामुळे एक स्नायू सावरत असताना दुसरा काम करतो आणि ठोके खाली येत नाहीत. दोन हातांचे प्रकार लागोपाठ ठेवले की दुसऱ्यात हात दुमडतात आणि तुम्ही श्वास शिल्लक असूनही थांबता.

विश्रांतीचे २० सेकंद घड्याळ लावूनच मोजा. मोबाइल हातात घेतला की वीसचे पन्नास होतात, आणि ८ मेटचा व्यायाम ५वर उतरतो. घरच्या व्यायामात कॅलरीची सर्वांत मोठी गळती हीच आहे. दोन आठवड्यांनी ४५ आणि १५ करा. त्यानंतर वेळ न वाढवता पाठीवर पुस्तकांनी भरलेली ३ ते ५ किलोची बॅग घालून बैठका मारा.

या फेऱ्याचा आणखी एक फायदा आहे. वजन उतरताना चरबीबरोबर स्नायूही झिजतात, आणि जोर-बैठका ती झीज रोखतात. आठवड्यातले दोन दिवस तरी हा फेरा ठेवावाच. दोन दिवस स्नायूंच्या बळकटीचे व्यायाम करावेत ही जागतिक आरोग्य संघटनेचीही शिफारस आहे.

सूर्यनमस्कारांबद्दल इथेच सांगायला हवं. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यांचा घरोघरी प्रसार केला, आणि अंगाला वळण लावणारा तेवढा पूर्ण व्यायाम विरळाच. पण श्वासाबरोबर मिनिटाला एक असा घातला तर कॅलरी चालण्याएवढ्याच जळतात. कमी वेळात जास्त जाळायच्या असतील तर मिनिटाला तीनची लय धरा, आणि चतुरंग स्थितीत (अंग सरळ, भार तळहात आणि चवड्यांवर) एक पूर्ण जोर घाला. श्वास नाकातून जमेनासा झाला की लय एक पायरी उतरवा.

दोरी

आकड्यांचा राजा, पण शिकायला सहा आठवडे द्यावे लागतात. दोरीच्या मध्यावर एक पाय ठेवून मुठी वर ओढा. त्या काखेपर्यंत आल्या पाहिजेत. त्याहून आखूड दोरी पायात अडकते, फार लांब असेल तर जमिनीवर आपटून परत येते. बारीक पोलादी तारेच्या दोऱ्या वेगासाठी असतात, नवशिक्याच्या नडगीवर त्या वळ उठवतात. साधी प्लॅस्टिकची किंवा मण्यांची दोरी घ्या, थोडं वजन असलं की लय कळते.

उडी दोन-तीन सेंटिमीटरच, दोरी सरकेल इतकी. दोरी मनगटानं फिरवायची, कोपरं बरगड्यांजवळ. हात पसरले की दोरी आखूड होते, आणि अडखळण्याचं कारण दहांतल्या सात-आठ वेळा हेच असतं. जागा मातीची, लाकडाची किंवा जाड रबरी चटईची. नुसत्या फरशीवर आणि गच्चीच्या काँक्रीटवर नडगीचं हाड दुखायला लागतं. बूट चवड्याखाली गादी असलेले हवेत.

पहिले दोन आठवडे: २० सेकंद उड्या, ४० सेकंद जागेवर चालणं, दहा वेळा, एक दिवसाआड. तिसरा-चौथा आठवडा: ३० आणि ३०, बारा वेळा. पाचवा-सहावा: ४० आणि २०, पंधरा वेळा. इथे पोहोचलात की विश्रांती धरूनही १५ मिनिटांत १६० ते १७० कॅलरी जळतात आणि हिशोब खरोखर दोरीच्या बाजूनं झुकतो. नडगीच्या आतल्या कडेला बोटानं दाबल्यावर दुखत असेल तर दोन आठवडे चढावर चालण्याकडे वळा. दुखण्यावरून उड्या मारत राहिलं तर हाडाला बारीक तडा जाईपर्यंत मजल जाते.

आठवडा कसा बसवायचा

जागतिक आरोग्य संघटनेची २०२० सालची शिफारस प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोरदार व्यायामाची आहे. पंचवीस मिनिटांचे तीन जोरदार दिवस ७५ भरतात. बहुतेकांना झेपेल असा आठवडा: सोमवारी खोलीतला फेरा, मंगळवारी चढावर चालणं, बुधवारी सपाटीवर निवांत चालणं, गुरुवारी खोलीतला फेरा, शुक्रवारी जिना किंवा दोरी, शनिवारी चढ, रविवारी सुट्टी किंवा लांबची टेकडी. दोरी आणि जिना लागोपाठच्या दिवशी नकोत, दोन्ही पोटरीवरच येतात.

जोरदार टप्पा संपल्यावर एकदम थांबून खुर्चीत बसू नये. पायांत उतरलेलं रक्त चालत्या पोटऱ्या वर ढकलत असतात. त्या थांबल्या की डोळ्यांपुढे अंधारी येते. तीन मिनिटं संथ चालून मगच बसा.

जेवणानंतर दोन-अडीच तास जाऊ द्या. पहाटे उपाशीपोटी केल्यानं एकूण चरबी जास्त उतरत नाही, फक्त काहींना गरगरतं. अर्धं केळं किंवा दोन खजूर खाऊन सुरुवात करा. उपासाच्या दिवशी निवांत चालण्यापलीकडे जाऊ नये. विदर्भ-मराठवाड्यातल्या एप्रिल-मेमध्ये सकाळी सातच्या आत आटपा. उकाड्यात ठोके दहा-पंधरानं वर राहतात आणि जास्त घाम आला म्हणून जास्त कॅलरी जळत नाहीत, फक्त पाणी जातं. छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, थंड घाम, ठोके चुकल्यासारखे वाटणं, यांतलं काहीही झालं तर तिथेच थांबून वैद्यकीय मदत घ्या, फेरी पूर्ण करू नका.

खाण्याचा आकडा

पाच दिवस निव्वळ १७५ म्हणजे आठवड्याला ८७५ कॅलरी. एक किलो चरबीत साधारण ७७०० असतात. खाणं तसंच राहिलं तर किलोभर उतरायला जवळजवळ नऊ आठवडे लागतात. व्यायामानंतरचा एक वडापाव तीनशेच्या घरात जातो आणि त्या दिवसाची कमाई पुसून वर उधारी ठेवतो. उलट, दिवसाच्या तीन कप चहांतली दोन-दोन चमचे साखर सोडली तर शंभराच्या आसपास कॅलरी एक मिनिटही न घालवता वाचतात. दोन्ही एकत्र केलं की नवाचे पाच आठवडे होतात. व्यायामानंतर भूक उसळत असेल तर व्यायामाची वेळ जेवणाच्या तासभर आधी आणा, म्हणजे मधलं खाणं आपोआप गळतं.

एका वहीत रोज तीनच नोंदी करा: प्रकार, प्रत्यक्ष कामाची मिनिटं (विश्रांती वगळून), आणि दहापैकी किती दमलात. दमण्याचा आकडा सलग तीन वेळा सहाच्या खाली आला की चढ, मजले किंवा सेकंद एक पायरीनं वाढवायचे. आठच्या वर राहून झोपही बिघडायला लागली तर आठवडाभर मागच्या पायरीवर यायचं. वजन आठवड्यातून एकदा, त्याच वारी, सकाळी शौचानंतर, आणि कंबरेचा घेर पंधरा दिवसांनी बेंबीच्या पातळीवर, श्वास सोडून मोजायचा.